सगळं येणाऱ्याच्या चार चाली

म्यू मुळात त्या खेळात असायलाच नको होतं. २७ फेब्रुवारी १९९६ रोजी जपानमध्ये पोकेमॉनचे पहिले दोन खेळ, रेड आणि ग्रीन, निघाले तेव्हा जाहीर झालेले खिशातले राक्षस दीडशेच होते. खेळ तयार झाल्यावर चुका शोधायची साधनं काढून टाकली, आणि त्या इवल्याशा कॅसेटमध्ये तीनशे बाइट जागा मोकळी झाली. गेम फ्रीक कंपनीतल्या शिगेकी मोरिमोतो या प्रोग्रामरने त्या जागेत एकशे एक्कावन्नावा प्राणी गुपचूप बसवला. तपासण्या आटोपल्यानंतर खेळात काही हलवायचं नसतं, हे त्याला ठाऊक नसेल असं नाही. पण ठेवलं बसवून. कुणाला ते सापडावं असा बेत नव्हता. तरी कोडमधल्या एका चुकीमुळे काही पोरांना ते दिसलं, बोभाटा झाला, आणि 'कोरोकोरो' या मासिकाने मग त्याची रीतसर सोडत काढली. बक्षिसं वीस होती आणि अर्ज आले अठ्ठ्याहत्तर हजार.

मला म्यूबद्दल माया वाटते ती या उगमामुळे. पुढे त्याला फार मोठेपणा दिला गेला. सगळ्या पोकेमॉनचा मूळपुरुष वगैरे. पण जन्म मात्र उरलेल्या जागेतला.

आमच्या पिढीला हे प्रकरण उशिरा आणि आडवाटेने कळलं. २००३ साली कार्टून नेटवर्कवर पोकेमॉन हिंदीत सुरू झालं, तेव्हा वाशिमला केबलवाल्याच्या मर्जीवर ते दिसायचं. लाईन गेली की गोष्टीचा शेवट दुसऱ्या दिवशी शाळेत कुणाकडून तरी ऐकायचा, आणि तो सांगणाराही बऱ्याचदा स्वतःच्या मनचं जोडून द्यायचा. चिप्सच्या पाकिटातले टॅझो जमवले, बदलले, हरवले. खेळ म्हणून पोकेमॉन ज्या यंत्रावर खेळतात ते यंत्र मात्र गावात कुणाकडे नव्हतं. 'टीव्ही गेम' म्हणून जे मिळायचं त्यात एका कॅसेटमध्ये नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव खेळ असल्याचं छापलेलं असे, आणि पाच-सहा झाले की पुन्हा पहिल्यापासून तेच.

माझ्या भाच्याला हा दुष्काळ माहीत नाही. तो रिसोडला तहसील कचेरीसमोरच्या ओळीत एका ऑनलाइन सेंटरवर बसतो. झेरॉक्स, पासपोर्ट फोटो, सातबारा, उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर, पीक विमा, प्रवेशाचे अर्ज, रेल्वेचं तिकीट असं सगळं तिथे होतं. दुकानाच्या पाटीवर एवढी कामं लिहिली आहेत की दुकानाचं नाव कोपऱ्यात ढकललं गेलंय. साइट चालू असते तेव्हा त्याला मान वर करायला फुरसत नसते. साइट बसली, की बाकड्यावर माणसं सोयाबीनचे भाव बोलत थांबतात आणि हा पोकेमॉन शोडाउन उघडतो. विकत काही घ्यावं लागत नाही. साध्या ब्राउझरमध्ये चालतं. कॅसेटच्या खेळात एक लढाऊ पोकेमॉन पोसायला आठवडे जातात. इथे नाव टाइप केलं, चार चाली निवडल्या, की तो शंभराव्या पातळीचा होऊन उभा राहतो. मग समोर ब्राझीलमधला कुणी असतो, कोरियातला असतो, कधी पुण्याचा.

वाशिमचं खेळाशी नातं तसं जुनं आहे म्हणा. वाशिम म्हणजे वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी, वत्सगुल्म. दहाव्या शतकाच्या सुमारास राजशेखराने काव्यमीमांसेत या गावाला कामदेवाची क्रीडाभूमी म्हटलं आणि काव्यपुरुषाचं साहित्यविद्येशी लग्नही इथेच लावून दिलं. त्याच्या डोळ्यांपुढे कुठले खेळ होते ते आपण सोडून देऊ. भाच्याला हे सांगितलं तर त्याने विचारलं, "मंग आता इथी नेटची रेंज काहून नाई?"

तर म्यू. त्याची कुंडली अशी: जीव १००, हल्ला १००, बचाव १००, विशेष हल्ला १००, विशेष बचाव १००, वेग १००. सहाही घरांत शंभर. असा एकसारखा उतारा दुर्मीळ. बाकीचे पोकेमॉन एका बाजूला झुकलेले असतात. कुणी भिंतीसारखा भक्कम पण मंद, कुणी विजेसारखा चपळ पण एका फटक्यात आडवा. म्यू कुठेच झुकत नाही. त्यात, यंत्रातून शिकवता येणारी जवळजवळ प्रत्येक चाल त्याला शिकवता येते. आग, बर्फ, वीज, भूकंप, विष, बरं होणं, दुसऱ्याला चिडवणं, सगळं. पहिल्यांदा ही यादी पाहणारा माणूस हरखून जातो आणि त्याला वाटतं की झालं, आता जिंकायला अडचण ती कसली?

अडचण इथूनच सुरू होते. पहिली गोष्ट, चाली चारच घेता येतात. ज्याला शंभर चाली येतात त्यालाही चार, आणि ज्याला जेमतेम चार येतात त्यालाही चार. दुसरी, स्वतःच्या जातीची चाल वापरली तर मार दीडपट बसतो. म्यू मानसशक्तीच्या जातीचं. त्याची सायकिक ही ९० ताकदीची चाल प्रत्यक्षात १३५ होऊन बसते. पण त्याने फ्लेमथ्रोअर ही आगीची चाल घेतली तर ९० ती ९०च. तीच चाल आगीच्या जातीच्या चारिझार्डच्या तोंडून १३५. म्हणजे म्यूला आग येते, पण आगीच्या घरात जन्मलेल्यासारखी येत नाही. तिसरी गोष्ट वेगाची, आणि ती मला सर्वांत जिव्हारी लागणारी वाटते. पूर्ण मेहनत वेगावर घातली आणि स्वभावही वेगाला पोषक निवडला, तर शंभराव्या पातळीवर म्यूचा वेग ३२८ होतो. गारचॉम्प नावाचा एक ड्रॅगन आहे, त्याचा मूळ वेग १०२. दोनच जास्त. त्याचा होतो ३३३. तेवढ्या पाचाच्या फरकाने तो प्रत्येक वेळी आधी मारतो. शंभरच्या पायरीवर म्यूच्या जोडीला सॅलमेन्स, झॅपडोस, जिराची, सेलेबी अशी चिकार गर्दी आहे. दोघांचा वेग सारखा भरला की आधी कुणाची पाळी हे खेळ नाणं उडवल्यासारखं ठरवतो. सगळ्यात शंभर असणं म्हणजे सगळीकडे बरोबरीच्या रांगेत उभं राहणं.

ही मेहनतही मोजून मिळते. एकूण ५१० गुण, एका घरात जास्तीत जास्त २५२. म्हणजे दोन घरं भरली की हातात चिल्लर उरते. जिवावर २५२ घातले तर म्यूचा जीव ४०४ होतो आणि ते मार खात उभं राहू शकतं. वेगावर आणि हल्ल्यावर घातले तर ते फाडून काढतं, पण टिकत नाही. हे वाटप लढाईच्या आधी करायचं. एकदा पटावर उतरलं की बदल नाही. भाऊजी एकदा दुकानात आले असता आमचं हे बोलणं ऐकत होते. त्यांना पोकेमॉन म्हणजे पिवळा उंदीर एवढंच माहीत. पण ते म्हणाले, "सोयाबीनच्या चार तासांमागं दोन तासं तुरीची घ्याची का समदं सोयाबीनच लावाचं, हे पेराच्या आंधी ठरते. मंग पाऊस कसाही येवो." आमच्या जिल्ह्यात हा हिशोब पोरासोरांनाही येतो. सोयाबीन दसरा-दिवाळीच्या सुमारास निघून जातं, ऐन कापणीत पाणी आलं तर गंजीतच काळं पडतं. तूर सुरुवातीला हळू वाढते, सोयाबीनच्या आड येत नाही, आणि संक्रांतीपर्यंत शेतात उभी राहते. तिची दोन तासं घेतली की सोयाबीनचं थोडं उत्पन्न सोडावं लागतं. भाच्याचं म्यू तेव्हापासून २५२ जिवावरच असतं. ते बापाच्या सल्ल्यामुळे की काय, हे मी विचारलेलं नाही.

आता डावपेच. लोक म्यूचे नाना अवतार करतात. एक हल्लेखोर: नॅस्टी प्लॉट या चालीने विशेष हल्ला एका पाळीत दुप्पट करायचा आणि मग समोर येईल त्याला मारत सुटायचं. एक बिनीचा: पहिल्याच पाळीत उतरायचं, टॉन्ट मारून समोरच्याला चिडवायचं म्हणजे त्याला तीन पाळ्या हल्ल्याखेरीज काहीच करता येत नाही, आणि तेवढ्यात त्याच्या अंगणात स्टेल्थ रॉकचे अणकुचीदार दगड पसरून ठेवायचे. मग त्याचा जो गडी आत येईल त्याला दगड लागतात. चारिझार्डसारख्याचा तर नुसतं आत येण्यातच निम्मा जीव जातो. एक दाता: स्वतःची ताकद वाढवायची आणि बॅटन पास या चालीने ती जशीच्या तशी पुढच्या गड्याच्या हवाली करायची. हा अवतार मला फार आवडायचा. पण त्याचा उच्छाद एवढा वाढला की पुढे स्मॉगॉनच्या नियमांत त्या चालीवरच बंदी आली. स्मॉगॉन म्हणजे हौशी खेळाडूंनीच उभी केलेली पंचमंडळी. कोण फार डोईजड, कोणाला कुठल्या गटात खेळू द्यायचं, हे ती ठरवते. तिसऱ्या आणि चौथ्या पिढीच्या खेळांत म्यूलाही तिने डोईजडांच्या गटात टाकलं होतं. पाचव्या पिढीत ते मोकळं झालं.

याच पाचव्या पिढीत, २०१० पासून, लढाईआधी एकमेकांचे सहाही गडी पाहता येऊ लागले. त्याआधी कोण येणार ते आल्यावरच कळे. वरवर पाहता यात म्यूचं नुकसान दिसतं. माझं मत उलटं आहे. गारचॉम्प दिसला की तो काय करणार याचा अदमास येतो. म्यू दिसलं की फक्त म्यू आहे एवढंच कळतं. कुठलं म्यू? हल्लेखोर की दगड टाकणारं? अंगावर येईल की सॉफ्ट-बॉइल्ड खाऊन बसून राहील? समोरचा माणूस पहिल्या पाळीपासून या कोड्यात अडकतो, आणि त्याच्या डोक्यात चारच्या ठिकाणी चाळीस चाली नाचत राहतात.

भाच्याचा सगळा खेळ या चाळिसांवर आहे. त्याच्या म्यूकडे चार चाली अशा: समोरच्याला चटका देणारी विल-ओ-विस्प, निम्मा जीव भरून काढणारी सॉफ्ट-बॉइल्ड, टॉन्ट आणि नॉक ऑफ. आग ओकणारी एकही नाही. एका दुपारी मी त्याच्या खांद्यामागे उभा होतो. समोरच्याने स्किझर आणला. हा लोखंडी किडा. आगीने त्याला चौपट मार बसतो, एरवी तो म्यूचा काळ. म्यूच्या जातीला किडा, भूत आणि अंधार या तिन्हींचं वावडं. स्किझरने यू-टर्न मारला असता तर म्यूचा मोठा लचका गेला असता. पण समोरच्याने ते केलं नाही. त्याला वाटलं, म्यू आहे, म्हणजे फ्लेमथ्रोअर असणारच. स्किझर वाचवावा म्हणून त्याने तो मागे घेतला आणि आगीने काहीच न होणारा हीट्रान पुढे केला. भाच्याने याची वाट पाहिली होती. त्याने चटक्याची चाल दाबलीच नाही. ती हीट्रानवर फुकट गेली असती. त्याने नॉक ऑफ दाबली. हीट्रान आत आला आणि त्याच्या हातातली उरलीसुरली शिदोरी, जी प्रत्येक पाळीला सोळावा हिस्सा जीव भरून देते, ती जमिनीवर पडली.

"आपल्यापाशी आग हायेच नाई, मामा," तो म्हणाला. "पण त्याले काय सांगाचं ते?"

मी त्या जागी असतो तर स्किझर दिसताक्षणी विल-ओ-विस्प मारली असती. चटका बसला की शारीरिक हल्ला निम्मा होतो, चाल लागण्याची शक्यता शंभरात पंच्याऐंशी, वाईट काय? भाचा म्हणतो, "तुमी समदं आत्ताच काहून दाखोता? एक मूव दिसला की त्याच्यापाशी तीनच उरतात सोचाले." आणि ते खरं आहे. प्रत्येक चाल वापरली की म्यू थोडं लहान होतं. पहिल्या पाळीला ते काहीही असू शकतं. विल-ओ-विस्प दिसली की समोरचा ओळखतो, हे बचावातलं आहे, नॅस्टी प्लॉट नसणार. मग तो निर्धास्त होऊन स्वतःची ताकद वाढवत बसतो. टॉन्ट दिसली की तेही बंद. चारही दिसल्या की म्यू हा शंभर-शंभरचा साधा गडी उरतो, आणि साध्या गड्यांत त्याच्याहून बरे पुष्कळ आहेत. म्हणून भाचा नॉक ऑफ आधी दाखवतो. ती कुठल्याही अवतारात असू शकते; तिच्यावरून काही ओळखू येत नाही. सॉफ्ट-बॉइल्ड तो होईल तेवढी लांबवतो, जीव तिसऱ्या हिश्शावर येईपर्यंत. मला ते पाहवत नाही.

गेल्या काही वर्षांत अधिकृत मोठ्या स्पर्धांनी हा पडदाच काढलाय. स्कार्लेट आणि व्हायोलेट हे खेळ आल्यापासून तिथे खेळाडू एकमेकांना उघडी यादी देतात: कुठला गडी, त्याच्या हातात काय, चाली कोणत्या. त्या स्पर्धांत म्यूसारख्या दंतकथेतल्या गड्यांना सहसा प्रवेशच नसतो, त्यामुळे म्यूवर याचा काय परिणाम झाला असता हे पाहायला मिळत नाही. पण कल्पना करता येते. यादी उघडी झाली तर गारचॉम्पचं फार बिघडत नाही, तो जे करतो ते सगळ्यांना माहीत असूनही करतो. म्यूचं निम्मं बळ तिथेच जातं. भाच्याला उघडी यादी म्हणजे खेळाचा सत्यानाश वाटते. मला तसं वाटत नाही. दैवाने जिंकणारे त्यात कमी होतात, हे मान्य करावंच लागतं. पण शोडाउनवरच्या जुन्या पिढ्यांच्या लढाया पाहताना मजा येते ती झाकलेल्याचीच.

आमचा एकच वाद आजवर मिटला नाही, तो ट्रान्सफॉर्मचा. म्यूला ही चाल स्वतःची म्हणून येते, शिकवावी लागत नाही. ती वापरली की म्यू समोरच्याचं रूप घेतं. त्याची जात, त्याचा हल्ला, बचाव, वेग, चारही चाली, सगळं. फक्त जीव स्वतःचा राहतो आणि प्रत्येक चाल पाचदाच वापरता येते. स्पर्धेत ही चाल कुणी घेत नाही. एक अख्खी पाळी रूप बदलण्यात जाते आणि तेवढ्यात समोरचा फुकट मारून घेतो. डिटो नावाचा लिबलिबीत गोळा आत येताक्षणी फुकटात हेच करतो, मग म्यूची पाळी वाया का घालवायची? युक्तिवाद बिनतोड आहे. तरीही माझ्या म्यूची चौथी चाल ट्रान्सफॉर्म असते. ज्याला सगळं येतं त्याच्याकडे समोरच्यासारखं होण्याचीही सोय असावी, असं आपलं मला वाटतं. यामागे डावपेच काही नाही, निव्वळ आवड आहे. भाचा माझ्या टीमकडे पाहून च्‌ करतो.

परवा असाच माझा डाव चालू होता. खुर्ची त्याची, माऊस माझ्या हातात, आणि तो शेजारच्या स्टुलावर बसून सल्ले देत होता. तेवढ्यात बाकड्यावरून कुणीतरी ओरडलं, साइट चालू झाली. सात-आठ माणसं एकदम उठली. भाचा दुसऱ्या कॉम्प्युटरकडे सरकला आणि जाता जाता म्हणाला, "तुमी सांभाळा. पण ट्रान्सफॉर्म नोका दाबू."

समोर गारचॉम्प होता. माझं म्यू भरल्या जिवाचं, ४०४. वेगाला काहीच घातलेलं नव्हतं, त्यामुळे तो आधी मारणार हे नक्की. त्याच्या भूकंपाने म्यूचा साधारण निम्मा जीव जातो, त्याहून जास्त नाही, एवढा हिशोब मला येतो. मी ट्रान्सफॉर्म दाबलं. भूकंप आला, म्यूचा जीव निम्म्यावर आला, आणि मग त्याच्या जागी दुसरा गारचॉम्प उभा राहिला. वेग ३३३. समोरचाही ३३३. ड्रॅगनला ड्रॅगनचाच मार दुप्पट बसतो, आणि आता ड्रॅगन क्लॉ दोघांकडे होती.

अंगठा लावून घेत असलेल्या एका आजोबांच्या मागून भाच्याने मान वळवून पडदा पाहिला.

"हे काय करून ठेवलं, मामा?" तो म्हणाला. "आता मारा लवकर. टायमर चालू हाय."